मंडळाच्या ४ जुलैच्या कार्यक्रमात एका लेनापे कॅप्टनला जागा द्या

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर परिसरातल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना आणि मराठी शाळांच्या संचालकांना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

येत्या ४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २५० वर्षं पूर्ण होतायत आणि त्यात आपली मंडळं मागे कशी राहतील? ढोलताशाच्या तालमी, लेझीम, मुलांची समूहगीतं, कुणाचं तरी लांबलेलं भाषण आणि जेवणात पुरणपोळी की पावभाजी यावरून कार्यकारिणीत पडलेले दोन तट, हे सगळं रीतसर चालू असणार. चालू द्या. माझी तक्रार कार्यक्रमपत्रिकेतल्या एकाच सदराबद्दल आहे. परिसरातल्या एका मंडळाची कच्ची पत्रिका माझ्या पाहण्यात आली. मंडळाचं नाव घेत नाही, कारण इतरांच्या पत्रिकेत फार वेगळं काही असेल असं मला वाटत नाही. तिच्यात ‘मूळ निवासी’ या सदराला चार मिनिटं दिली आहेत. आधी ‘ही भूमी लेनापे लोकांची होती’ असं दोन ओळींचं निवेदन आणि मग पाच ते सात वयाची मुलं डोक्याला रंगीत पिसं बांधून, तोंडावर हात आपटत, ‘वूऽ वूऽ’ करत रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकाला जाणार. टाळ्या. पुढचं सदर.

माझं मागणं असं की पिसं काढा आणि ती चार मिनिटं कॅप्टन ब्लॅक बीव्हरला द्या. जमली तर आठ द्या.

हा लेनापे मुखिया होता आणि अमेरिकेच्या फौजेसोबत दोन युद्धं पाहिलेला माणूस होता. देशासाठी लढलेल्यांची नावं घ्यायच्या वर्षी लेनापेंना आपण ‘पूर्वी इथे राहायचे’ एवढ्यावर उरकतो, हे मला खटकतं. यांच्यातले कित्येक जण अगदी सुरुवातीपासून अमेरिकेच्या बाजूने लढले आणि जवळजवळ दर लढाईनंतर त्यांच्या ताब्यातली जमीन आटत गेली. ही गोष्ट मुलांना समजते. मोठ्यांनाही समजेल, सांगितली तर.

पिसांचा विषय आधी संपवते. तो मोठा पिसांचा मुकुट पश्चिमेकडच्या मैदानांत घोड्यावर फिरणाऱ्या जमातींचा. डेलावेअर नदीकाठचे लेनापे सालींनी शाकारलेल्या घरांत राहत, मका, घेवडा आणि भोपळा पिकवत, उन्हाळ्यात समुद्रावर शिंपल्यांना जात. तंबूही त्यांचे नव्हेत. उद्या कुणी अमेरिकन शाळेने ‘भारत दिन’ म्हणून महाराष्ट्राच्या मुलांना पंजाबी पगड्या घालून नाचवलं, तर आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री दोनपर्यंत काय चालेल ते मी सांगायला नको.

तर ब्लॅक बीव्हर. जन्म १८०६ चा, आज इलिनॉय राज्यात बेलव्हिल आहे त्या जागी, म्हणजे मिसिसिपीच्या अलीकडे, सेंट लुइसच्या समोर. तरुणपणी तो बीव्हर नावाच्या केसाळ पाणप्राण्याच्या कातड्यांच्या धंद्यात शिरला. अमेरिकन फर कंपनीसाठी सापळे लावत रॉकी पर्वत ओलांडून थेट पॅसिफिकपर्यंत जाऊन आला, तेही एकदा नव्हे. या भटकंतीत त्याच्या जिभेवर इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश आणि आठेक मूळ निवासी भाषा बसल्या. मैदानी जमाती एकमेकींशी बोलायला हातांची जी खुणांची भाषा वापरत, तीही त्याला येत होती. भटकंतीतून आलेली ही जाण तेव्हाच्या अमेरिकी लष्कराला सोन्याइतकी मोलाची होती, कारण मिसिसिपीच्या पश्चिमेला कोणत्या नदीला कुठे उतार आहे आणि कुठलं पाणी उन्हाळ्यात आटतं, हे लष्कराच्या नकाशांत नव्हतंच.

१८३४ मध्ये कर्नल हेन्री डॉज घोडदळ घेऊन कोमांची, कायोवा आणि विचिटा लोकांना भेटायला निघाला, तेव्हा ब्लॅक बीव्हर दुभाषा म्हणून सोबत होता. मोहिमेचा प्रमुख जनरल लेव्हनवर्थ वाटेतच वारला, तापाने सैनिक पटापट गेले, पण बोलणी झाली. १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध पेटलं. डेलावेअर आणि शॉनी लोकांची घोडेस्वारांची एक तुकडी टेक्ससच्या स्वयंसेवकांत उभी राहिली आणि ब्लॅक बीव्हर तिचा कॅप्टन झाला. ती तुकडी फार काळ चालली नाही, पण कॅप्टन ही पदवी त्याला जन्मभर चिकटली. डेलावेअर म्हणजे लेनापेच. नदीला आणि लोकांना हे नाव व्हर्जिनियाच्या एका इंग्रज गव्हर्नरवरून पडलं, आणि त्या गव्हर्नराचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता.

१८४९ साली कॅलिफोर्नियाच्या सोन्याने सगळ्यांना वेड लावलं होतं. कॅप्टन रँडॉल्फ मार्सीने आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथपासून सांता फेपर्यंत शेकडो लोकांचा तांडा नेला, तो ब्लॅक बीव्हरच्या भरवशावर. परतताना या वाटाड्याने आणखी दक्षिणेची, सोपी वाट दाखवली. मार्सीने पुढे प्रवाशांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, त्यात त्याने ब्लॅक बीव्हरचा एक किस्सा नोंदवलाय. मुलांच्या नाटुकल्यासाठी याहून चांगला प्रसंग मला सापडलेला नाही.

शेकोटीपाशी ब्लॅक बीव्हर आणि एक कोमांची वाटाड्या बोलत बसलेत. ब्लॅक बीव्हर त्याला गोऱ्यांच्या गावांतल्या गोष्टी सांगतोय. आधी सांगतो, पृथ्वी गोल आहे. कोमांची म्हणतो, मला काय खुळा समजलास? समोर माळ बघ, सपाट आहे की नाही? शिवाय माझा आजा पश्चिमेच्या टोकाला जाऊन आलाय. तिथे एक उभी भिंत आहे, सूर्य तिच्यामागे जातो. मग ब्लॅक बीव्हर आगबोटी आणि आगगाड्यांबद्दल सांगतो. कोमांची म्हणतो, गप्प बस. मार्सीला मजा वाटते. तो म्हणतो, आता याला तारायंत्राचं सांग, हजार मैलांवर निरोप पाठवला की तिकडून दहा मिनिटांत उत्तर येतं. ब्लॅक बीव्हर लक्ष देऊन ऐकतो, पण कोमांचीकडे वळत नाही. शेवटी म्हणतो, कॅप्टन, हे मी त्याला नाही सांगणार, कारण खरं सांगायचं तर माझाच यावर विश्वास नाही.

आपल्या शाळेतल्या मुलांना ‘रेड इंडियन’ म्हणजे निसर्गपुत्र, गंभीर, कमी बोलणारा असंच चित्र मिळतं. हा माणूस वेगळा आहे. तो दोन जगांच्या मधे बसून दोन्हीकडच्यांशी हुज्जत घालणारा, मिश्कील आणि व्यवहारी आहे. दुभाषाचं काम ज्यांनी आपल्या आईवडिलांसाठी डॉक्टरकडे किंवा विमानतळावर केलंय, त्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल.

आता १८६१ कडे येते, कारण खरी गोष्ट तिथे आहे. यादवी युद्धाला, म्हणजे अमेरिकेतून फुटलेली दक्षिणेची राज्यं आणि उत्तरेचं केंद्र सरकार यांच्यातल्या लढाईला, तोंड फुटलं तेव्हा आजच्या ओक्लाहोमात फोर्ट वॉशिटा, फोर्ट आर्बकल आणि फोर्ट कॉब अशी केंद्राच्या फौजेची तीन ठाणी होती. दक्षिणेच्या बाजूच्या टेक्ससच्या फौजा चाल करून येत होत्या. लेफ्टनंट कर्नल विल्यम एमरीला ठाणी सोडून सगळ्यांना घेऊन उत्तरेला कॅन्ससमधल्या फोर्ट लेव्हनवर्थला न्यायचं होतं. सैनिक, त्यांच्या बायका, मुलं, गाडीवान, सामानाच्या गाड्या असं सगळं लटांबर होतं आणि मधे मोठे रस्ते नव्हते. त्याने आसपासच्या वाटाड्यांना विचारलं. दक्षिणेचे लोक उद्या इथे राज्य करणार हे दिसत असताना कोण पुढे येणार? एमरीने पुढे स्वतः लिहून ठेवलंय की सरकारने ज्यांना भरभरून दिलं, त्या सगळ्यांत एकटा ब्लॅक बीव्हर वाट दाखवायला तयार झाला.

हा निर्णय घेताना तो पंचावन्न वर्षांचा होता. याच मुलुखात ॲनाडार्कोजवळ त्याची जमीन, घर, गुरं, घोडी होती. तो खाऊनपिऊन सुखी होता. गप्प बसला असता तरी कुणी बोट दाखवलं नसतं. तो निघाला. वाटेत त्याने मागावर असलेल्या टेक्ससच्या तुकडीचा सुगावा काढून दिला आणि एमरीने ती पकडली. या युद्धातले पहिले कैदी ते हेच, असं काही जण मानतात. मेच्या अखेरीस सगळा तांडा कॅन्ससमध्ये पोचला. एमरीचा अहवाल वाचण्यासारखा आहे: माणूस, जनावर, गाडी, काहीही गमावलं नाही, फक्त दोघे पळून गेले तेवढे सोडून. (सरकारी अहवालात खरं सांगायची एमरीची ही हौस मला आवडते.) त्या गाड्यांच्या चाकोऱ्या मागे राहिल्या. युद्धानंतर जेसी चिझम त्याच चाकोऱ्यांवरून व्यापाराला जाऊ लागला आणि पुढे टेक्ससची लाखो गुरं ज्या चिझम ट्रेलवरून कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत हाकली गेली, तिचा एक भाग या चाकोऱ्यांवरच बसलाय. गुराख्यांच्या ज्या वाटेवर अमेरिकेने इतकी गाणी रचली, तिचा हा भाग आधी एका लेनापे म्हाताऱ्याने पाडला होता.

आणि ब्लॅक बीव्हर? दक्षिणेच्या लोकांनी त्याच्या घराची आणि रँचची नासधूस केली, गुरं हाकून नेली, त्याच्या डोक्यावर इनाम लावलं. युद्ध संपेपर्यंत त्याला परत येता आलं नाही. एमरीने त्याच्या बाजूने चांगलं लिहून दिलं. पण जे गेलं ते पुरतं भरून आलं नाही.

हे लिहिताना त्याला हारतुरे घालायचा माझा विचार नाही. ज्या वाटा त्याने दाखवल्या, त्यांवरून सोन्याच्या शोधातले गोरे, लष्कर आणि सर्व्हे करणारे कोमांची आणि कायोवांच्या मुलुखात शिरले, हेही तितकंच खरं. त्याचेच जातभाई कॅन्ससहून १८६२ च्या ऑक्टोबरात इतर जमातींसोबत ॲनाडार्कोवर चालून आले. दक्षिणेशी हातमिळवणी केली म्हणून टोंकावा लोकांवर ते तुटून पडले आणि त्या जमातीची जवळपास निम्मी माणसं एका हल्ल्यात मारली गेली. मुलांना हे सांगायचं का, हा प्रश्न शाळेने वयानुसार सोडवावा. मोठ्यांच्या भाषणात मात्र ते गाळू नका. संत म्हणून पूजा करण्यापेक्षा अडचणीत सापडलेला शहाणा माणूस म्हणून बघणं जास्त आदराचं आहे.

युद्धानंतर तो ॲनाडार्कोला परतला, तहांच्या बोलण्यांत दुभाषा झाला, वॉशिंग्टनला जाऊन आला, उतारवयात बाप्टिस्ट झाला आणि ८ मे १८८० रोजी वारला. आधी त्याला घराजवळ पुरलं होतं. पुढे १९७० च्या दशकात त्याचे अवशेष फोर्ट सिलच्या लष्करी दफनभूमीत नेले. त्याच दफनभूमीत कायोवांचा सतांता आणि कोमांचींचा क्वाना पार्करही आहेत. हे दोघे अमेरिकी लष्कराशी प्राणपणाने लढलेले. वाट दाखवणारा आणि वाट अडवणारे, सगळ्यांना शेवटी एकाच छावणीत जागा मिळाली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हा इलिनॉयमध्ये जन्मला आणि ओक्लाहोमात मेला, आमच्या एडिसन-पार्सिपनीशी याचा काय संबंध? तर संबंध वंशावळीचा आहे. ब्लॅक बीव्हरच्या लोकांची वाट उलट दिशेने चालत आलात, तर ती आपल्या घराच्या मागच्या अंगणात येऊन थांबते.

आधी एक सांगते. लेनापेंमध्ये कूळ आईकडून येतं. कासव, लांडगा आणि टर्की पक्षी अशी तीन कुळं. एकाच कुळात लग्न करायचं नाही, हा नियम आपल्याला सगोत्र विवाहाच्या बंदीमुळे लगेच कळतो. फरक एवढाच की तिथे गोत्र बापाचं नसून आईचं. मुखियापद मुलाकडे न जाता बहिणीच्या मुलाकडे जाई आणि वारस ठरवताना कुळातल्या वडीलधाऱ्या बायकांचा शब्द चाले. अमेरिकेच्या टांकसाळीने २०१३ मध्ये एक डॉलरचं नाणं काढलं, त्याच्या मागच्या बाजूला ही तिन्ही कुळं आहेत: तोंड वर करून ओरडणारा लांडगा, टर्की आणि कासव, कडेला तेरा तारे आणि १७७८ हे साल. नाणी जमवणाऱ्या कुणाकडे तरी ते असेल. मुलांच्या हातात द्या, पुढची गोष्ट तिथूनच सुरू करता येते.

१७३७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या मालकांनी, म्हणजे विल्यम पेनच्या मुलांनी, एक जुना कागद पुढे केला. त्यात म्हणे लेनापेंनी दीड दिवसात माणूस जितकं चालेल तेवढी जमीन दिली होती. लेनापे समजले, चालणार म्हणजे चालणार. मधे बसून दोन घास खाणार, चिलीम ओढणार. पेन बंधूंनी आधीच जंगलातून वाट साफ करून घेतली आणि तीन दमदार पळणारे पगारावर ठेवले. दोघे वाटेत कोलमडले. एडवर्ड मार्शल नावाचा तिसरा दीड दिवसात साठ-पासष्ट मैल गेला. मग तिथून नदीकडे रेघ मारायची, तीही सरळ न मारता तिरकी मारली. सुमारे बारा लाख एकर जमीन गेली. लीहाय खोरं, पोकोनोज, आपण जिथे पानगळ बघायला आणि वॉटरपार्कला जातो तो बराचसा भाग, सगळं त्यात आलं.

या जमिनीतला ३१५ एकरांचा एक तुकडा टॅटमी नावाच्या लेनापे माणसाला १७३८ मध्ये रीतसर दिला होता. त्या तुकड्यावर आज घरं आहेत आणि क्रेयोला खडूंचा कारखाना आहे. आपल्या पोरांच्या दप्तरात असतात तेच खडू. २००४ मध्ये ॲनाडार्कोच्या डेलावेअर नेशनने, म्हणजे ब्लॅक बीव्हरच्याच शाखेने, त्यासाठी दावा लावला. यामागे कॅसिनोचा हिशेब आहे अशी तेव्हा चर्चा झाली, आणि असेलही. पण कोर्टाचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे: पेन बंधूंनी फसवणूक केली असं धरून चाललं तरी, सत्ताधीश म्हणून त्यांनी ती जमीन काढून घेतली होती, म्हणजे हक्क संपला. अपिलातही तेच झालं आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

इकडे न्यू जर्सीत १७५८ मध्ये बर्लिंग्टन काउंटीत ब्रदरटन नावाची राखीव वसाहत काढली, तीही पुढे विकली गेली आणि तिथले लोक न्यू यॉर्ककडे गेले. बाकीचे बरेचसे आधीच ओहायोत सरकले होते. तिथे व्हाइट आइज हा मुखिया भेटतो, आणि २५० वर्षांच्या कार्यक्रमात याला वगळणं मला तरी शक्य वाटत नाही.

१७७६ मध्ये हा फिलाडेल्फियाला काँटिनेंटल काँग्रेससमोर, म्हणजे बंड केलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधिसभेसमोर, येऊन बोलला होता. १७ सप्टेंबर १७७८ रोजी फोर्ट पिट इथे, म्हणजे आजच्या पिट्सबर्गमध्ये, त्याने आणि इतर मुखियांनी अमेरिकेशी तह केला. नव्या अमेरिकेने मूळ निवासींशी केलेला हा पहिला लेखी तह. नाण्यावरचं साल याचंच. लेनापेंनी अमेरिकी सैन्याला आपल्या मुलुखातून ब्रिटिशांच्या डेट्रॉइटकडे जाऊ द्यायचं, माणसं द्यायची. अमेरिकेने त्यांच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी, बायकामुलांसाठी किल्ला बांधायचा. सहाव्या कलमात तर असं म्हटलंय की पुढेमागे दोन्ही बाजूंना सोयीचं वाटलं, तर इतर मित्र जमातींना सोबत घेऊन डेलावेअरांच्या नेतृत्वाखाली एक राज्य व्हावं आणि त्याला काँग्रेसमध्ये प्रतिनिधित्व मिळावं. चौदावं राज्य! तेरा तारे जेमतेम शिवून झाले होते.

व्हाइट आइजला अमेरिकी फौजेत कर्नलचा हुद्दा दिला गेला. तह होऊन दोन महिने होतात न होतात तोच नोव्हेंबरात, फौजेला वाट दाखवत असतानाच तो मेला. देवीने गेला, असं सांगण्यात आलं. मूळ निवासींशी व्यवहार बघणारा सरकारी एजंट जॉर्ज मॉर्गन याने काही वर्षांनी काँग्रेसला लिहून कळवलं की आपल्याच लोकांनी त्याला दगाफटका करून मारलं होतं.

त्याचा आठेक वर्षांचा मुलगा जॉर्ज मॉर्गन व्हाइट आइज याला एजंट मॉर्गनने १७७९ मध्ये आपल्या घरी आणलं. हे घर होतं प्रिन्स्टनला. सोबत किलबक घराण्यातली दोन मोठी मुलंही होती. काँग्रेसच्या खर्चाने हा मुलगा शिकला, पुढे कॉलेजातही गेला. म्हणजे आपण रविवारी ज्या नॅसॉ स्ट्रीटवर आइस्क्रीम खात फिरतो, तिथे एका मारल्या गेलेल्या मित्राचा मुलगा लॅटिन घोकत होता. मग पैसे आटले, कपड्यांची आणि खर्चाची रड सुरू झाली. १७८९ मध्ये त्याने खुद्द राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनला पत्रं लिहून आपली अडचण मांडली. शेवटी ओहायोला परत गेला आणि तिथे एका गोऱ्या पोराच्या गोळीने मेला. प्रिन्स्टनमध्ये मराठी घरं कमी नाहीत. तिथल्या मुलांना ही गोष्ट घराजवळचीच वाटेल.

मधल्या काळात ८ मार्च १७८२ रोजी ओहायोतल्या ग्नाडेनहुटनमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या मिलिशियाने ९६ ख्रिस्ती लेनापेंना ठार केलं. ते कुणाच्याच बाजूने लढत नव्हते, शेतातला मका काढायला परत आले होते. त्यांत ३९ लहान मुलं होती. याहून जास्त इथे लिहीत नाही.

यानंतर हे लोक फुटले. काही जण स्पॅनिशांच्या परवानगीने मिसिसिपीपलीकडे मिझुरीत गेले. तिथून पुढे आर्कान्सा, टेक्सस करत जी मंडळी ॲनाडार्कोला स्थिरावली, ब्लॅक बीव्हर त्यांचा मुखिया. बाकीचे इंडियानात व्हाइट रिव्हरवर राहिले, ते १८१८ पर्यंत. १८१८ म्हटलं की आपल्याला पेशवाईचा शेवट आठवतो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सेंट मेरीजच्या तहाने यांचं इंडियाना गेलं. मग मिझुरी, मग १८२९ च्या तहाने कॅन्सस, ‘कायमचं घर’ म्हणून.

त्या कायमच्या घराचं काय झालं ते ऐका. यादवी युद्धात कॅन्ससच्या डेलावेअरांमध्ये लढायच्या वयाचे २०१ पुरुष होते. १८६२ पर्यंत त्यांतले १७० उत्तरेच्या फौजेत भरती झाले होते. एवढं प्रमाण कुठल्या गावाने दिलं असेल? ते रणावर असताना घरच्या जमिनीत घुसखोर शिरले, लाकूड तोडून नेलं, घोडी चोरली. रेल्वे कंपनीचा डोळा होताच. युद्ध संपलं आणि त्यांच्याशी नवा तह झाला: उरलेलं कॅन्सस विका आणि इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, जा. तहावर तारीख आहे ४ जुलै १८६६.

ही तारीख मी मुद्दाम सांगते आहे, कारण आपल्या कार्यक्रमाची तारीखही तीच आहे.

तिथून चेरोकी मुलुखात ९८५ जण गेले. त्यांचे वंशज आज ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिलला आहेत. त्यांची सरकारी मान्यता १९७९ मध्ये काढली, १९९६ मध्ये दिली, २००४ मध्ये कोर्टाच्या निकालाने पुन्हा गेली, २००९ मध्ये परत आली. आपल्यापैकी ग्रीन कार्डाच्या रांगेत ज्यांनी केस पिकवलेत, ते निदान या वाक्यापाशी दोन क्षण थांबतील. न्यू जर्सीत मागे राहिलेले लेनापेही आहेत: उत्तरेला रामापो डोंगरांत आणि दक्षिणेला ब्रिजटनच्या बाजूला. त्यांना राज्याची मान्यता आहे, केंद्राची नाही. तेव्हा निवेदनातला ‘होती’ हा भूतकाळही जरा जपून वापरा.

आता कामाचं बोलते. पिसांचा नाच रद्द करा. मुलांना तयारी वाया गेल्यासारखं वाटू नये म्हणून त्यांना शेकोटीचा प्रसंग बसवून द्या. त्यात ब्लॅक बीव्हर, मार्सी आणि कोमांची अशी तीन पात्रं आहेत, बाकीचे तांड्यातले लोक आणि गुरं. (गुरं व्हायला पाच वर्षांची मुलं आनंदाने तयार होतात, हा अनुभव आहे.) मोठ्या वर्गाला व्हाइट आइज आणि प्रिन्स्टनचा मुलगा द्या. माजी सैनिकांचा सत्कार करणार असाल, तर तिथे ब्लॅक बीव्हरचं आणि त्या १७० जणांचं नाव घ्या, ‘मूळ निवासी’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात नको.

आणि शक्य झालं तर एक लेनापे वक्ता बोलवा. ॲनाडार्को आणि बार्टल्सव्हिल या दोन्ही ठिकाणच्या जमातींची अधिकृत कार्यालयं आहेत, तिथे रीतसर पत्र लिहा. बोलवताना ‘थोडं नाचगाणं कराल का’ असं विचारू नका. पुण्या-मुंबईहून नाटकवाले येतात तेव्हा आपण विमानाचं तिकीट, हॉटेल, मानधन, शिवाय चितळ्यांची बाकरवडी हातावर ठेवतो. तेवढंच सगळं इथे करा. ‘एक्स्पोजर मिळेल’ हे वाक्य तोंडातून काढू नका. बजेट नसेल तर दोन-तीन मंडळं मिळून खर्च उचला. जेवणातला एक पदार्थ कमी झाला तर बंड होणार नाही. झालं तर मी पुरणपोळीच्या बाजूने उभी राहते.

बार्टल्सव्हिलच्या जमातीने बोलता शब्दकोश इंटरनेटवर फुकट ठेवलाय, जुन्या जाणत्यांच्या आवाजातला. निवेदकाने लेनापे नावं त्यावर ऐकून तालीम करावी. मराठी नावांची वाट लागली की आपण किती चिडतो.

शेकोटीच्या प्रसंगाचा मराठी मसुदा माझ्याकडे तयार आहे, साधारण आठ मिनिटांचा. ज्या मंडळाला हवा असेल त्यांनी कळवावं, मी पाठवते. काटछाट खुशाल करा, फक्त शेवटचं तारायंत्राचं वाक्य कापू नका. पत्रिका छापायला जायच्या आधी उत्तर मिळालं तर बरं होईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एका मराठी शाळेतली शिक्षिका,
मध्य न्यू जर्सी